पोकळ टाइपातली पत्रिका

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी स्वतः केली. त्या एका पत्रिकेनं माझं डोकं जेवढं उठवलं, तेवढं पुढं नोकरीतल्या कुठल्याच कामानं उठवलं नाही. पत्रिका म्हणजे काय, तर एक घडीचं कार्ड. वर दोन शब्द, मध्ये दोन नावं, खाली वेळ आणि ठिकाण. पण त्या दोन नावांवरून आमचं घर, मुलाकडचं घर आणि अख्खा छापखाना माझ्या मागे लागला होता. भांडण हुंड्याचं नव्हतं. हुंडा घ्यायचाही नाही आणि द्यायचाही नाही, हे बाबांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. भांडण होतं ते अक्षराच्या पोटात शाई असावी की नसावी, यावरून.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. कलाशाळेतून पदविका घेऊन मी नागपुरात सीताबर्डीच्या एका गल्लीतल्या लहानशा छापखान्यात कामाला लागले होते. मजकूर कागदावर कुठं बसवायचा, किती मोठा करायचा, कुठल्या टाइपात आणि कुठल्या रंगात छापायचा, हे ठरवणं माझं काम. बाई म्हणून मी तिथं एकटीच. गिऱ्हाईक आत आलं की आधी मालकांकडे बघायचं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मालकांकडे बघून विचारायचं, "डिझाइनवाले कुठं गेले?" मालक पानाचा तोबरा सांभाळत माझ्याकडे बोट दाखवायचे. गिऱ्हाईक तरीही थोडा वेळ दरवाज्याकडे बघत राहायचं. खरा डिझाइनवाला चहा पिऊन परत येईल अशी त्याला आशा असायची.

त्या वर्षी मालकांनी मुंबईहून एक नवीन टाइप मागवला. नमुन्यांच्या पुस्तकात तो मीच त्यांना दाखवला होता. पोकळ टाइप. अक्षराची फक्त कड, बारीक रेघेची, आणि आत कागद तसाच कोरा. शिरोरेषासुद्धा दुहेरी. उजव्या बाजूची रेघ डावीपेक्षा थोडीशी जाड, त्यामुळं अक्षरावर एका बाजूनं ऊन पडल्यासारखं वाटे. वेलांट्यांचे वळसे इतके नीट की कुठून सुरू झाले आणि कुठं संपले ते कळू नये. टाइप आला त्या दिवशी मी एकेक शिशाचं अक्षर हातात घेऊन पाहिलं. त्या बारीक कडा बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, ही माणसं याची वाट लावणार.

आणि ती लावायला त्यांनी वेळ घालवला नाही.

पोकळ टाइपाचे नियम काही अवघड नाहीत. शब्द एक किंवा दोन. अक्षर मोठं. कागद गुळगुळीत आणि जाड. चहूबाजूंनी भरपूर मोकळी जागा. शाई हलक्या हातानं. बस. संत्रा बर्फीच्या एका खोक्यावर मी नुसता एकच शब्द या टाइपात टाकला, पांढऱ्यावर केशरी, बाकी खोकं कोरं. दुकानदार म्हणाला, "बर्फी विकली जाईल न जाईल, खोकं मात्र लोक घरी ठेवून राहिले." एका गाण्याच्या कार्यक्रमाच्या पुस्तिकेचं मुखपृष्ठ केलं, तेही तसंच उठून दिसलं. यावरून कुणी शहाणपण घ्यावं की नाही? पण नाही. शिकवणीवाल्या एका गृहस्थांनी आपलं अख्खं हँडबिल, पत्ता आणि विषयांसकट, पोकळ टाइपात करून मागितलं. तेही पतंगाच्या गुलाबी कागदावर. मी नाही म्हटलं. मालक हो म्हणाले. त्या कागदानं शाई पिऊन टाकली, अक्षरांची पोटं बुजली, आणि छापून निघालं ते मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं. गृहस्थ चिडून परत आले. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. या वेळी गिऱ्हाइकाला लगेच पटलं की डिझाइनवाली मीच.

दुःखद निधनाचं कार्ड पोकळ टाइपात हवं असणारेही आले. "जरा भारी दिसते," ते म्हणाले. मी त्यांना हात जोडले.

"ताई, तुम्ही गिऱ्हाइकाला फार नाही म्हणता," मालक म्हणायचे. "आणि ही मोकळी जागा, मोकळी जागा काय असतं? कागदाचे पैसे देतो तो माणूस. त्याला त्यावर काहीतरी छापलेलं दिसायला नको का?"

मी पुढच्या कामाचा कागद ओढून घ्यायचे.

अशात धाकटीचं लग्न ठरलं. ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. मुलगा सावनेरजवळच्या खापा गावच्या शाळेत मास्तर. आई-वडील लहानपणीच गेले, आत्यानं वाढवलेला. आत्याबाई मागावर कापड विणायच्या आणि त्यावरच त्यांनी त्याला शिकवलं. बाबांना स्थळ फार आवडलं. बाबा कापडगिरणीत कामाला होते, आणि इंदोऱ्यातल्या आमच्या मोहल्ल्याच्या विहारातलं कुठलंही काम त्यांच्याशिवाय होत नसे. छप्पन साली दीक्षेच्या वेळी मी त्यांच्या खांद्यावर बसून ती गर्दी पाहिली होती. तेव्हापासून आमच्या घरात मुहूर्त, कुंडली जुळवणं, शकुन-अपशकुन यातलं काही उरलं नव्हतं. लग्न रविवारी, कारण रविवारी सगळ्यांना सुट्टी. इतकं ते सोपं होतं.

मला वाटलं, एकदा तरी आपल्या मनासारखं काम करू. या पत्रिकेत कुणी शिकवणीवाला नव्हता, कुणी मिठाईवाला नव्हता. जाड, सायीच्या रंगाचं कार्ड घेतलं. गडद निळी शाई. धाकटीचं आणि मुलाचं नाव, फक्त ती दोन नावं, पोकळ टाइपात मधोमध. बाकी सगळा मजकूर खाली लहान साध्या अक्षरात. धाकटीच्या नावात एक जोडाक्षर होतं, ते त्या टाइपात असं काही गोंडस दिसत होतं की यंत्रावर काम करणारा माणूस पहिला नमुना काढून तो वाळेपर्यंत हातात धरून उभा राहिला. मालकसुद्धा म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडून कौतुकाचा एवढाच शब्द निघत असे.

बाबांनी नमुना चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला. म्हणाले, "झकास. पण छापाच्या आधी एक डाव खाप्याले दाखवून येऊ. त्यायच्या घरचंबी लग्न हाय."

तेच चुकलं, असं मला आजही वाटतं.

एसटीनं आम्ही खाप्याला गेलो. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल, आणि दोन्हींच्या मध्ये बाजेवर आम्ही. मास्तर चहा घेऊन आले, कप ठेवले आणि आत्याबाईंच्या मागे जाऊन उभे राहिले. आत्याबाईंनी हात पदराला पुसून पत्रिका घेतली. खूप वेळ त्यांनी ती बघितली. जवळ धरली, मग लांब. खिडकीकडे वळून उजेडात धरली. मला वाटलं, आवडली.

"हे काहून असं, भाऊ?" त्या बाबांना म्हणाल्या.

"काय झालं, बाई?"

"नाव पुरं नाही केलं. कडा-कडाच काढल्या. आत सारं रिकामंच हाय."

मी समजावून सांगायला लागले. "आत्याबाई, तो टाइपच तसा राहते. पोकळच असते तो. आत भरत नाहीत. तसंच छान दिसते."

"दिसत असन छान. पण रिकामं काहून?"

बाबांच्या कपाळावरची शीर मला दिसली. "बाई, अशुभ-बिशुभ म्हणून राहिल्या काय तुमी? आपण ते सारं सोडलं न कधीचंच?"

"म्या अशुभाचं नावबी नाही काढलं, भाऊ. तुमीच काढलं." आत्याबाईंनी पत्रिका मांडीवर ठेवली. "याच्या आज्याचं नाव कधी कोनी पुरं घेतलं नाही. मालगुजाराकडून हाक आली तं अर्ध्या नावानं, आन तेबी शिवी लावून. याच्या बापाचं नाव शाळेत मास्तरनं लिवलं, तं तेबी मोडूनच लिवलं. आता या पोट्ट्याचं नाव आमच्या घरात पयल्यांदा छापून येऊन राहिलं. ते मले आतून-बाहेरून भरलेलं पाहिजे. अर्ध नाही पाहिजे."

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता ते माझ्या बाजूनं काहीतरी बोलतील. बाबांनी चहाचा कप उचलला, खाली ठेवला आणि म्हणाले, "बाईचं बरोबर हाय."

मी शेवटचा उपाय म्हणून मास्तरांना विचारलं. "मास्तर, तुमाले कसं वाटते?"

मास्तर आत्याबाईंच्या खांद्यावरून पत्रिकेकडे बघत होते. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्यांना ती आवडली होती. म्हणाले, "आत्याबाई म्हणतील तसं."

परतीच्या एसटीत खिडकीची काच बंद होत नव्हती आणि सगळी धूळ आमच्या तोंडावर येत होती. बाबा म्हणाले, "भरून टाक न आत. थोडीशी शाई तं लागते."

"बाबा, ते भरायचं नसते! भराचंच असतं तं साधा टाइप काय वाईट आहे?"

"मंग साधा टाक."

"पण मग ती पत्रिका बाकी हजार पत्रिकांसारखी दिसन!"

"मंग दिसू दे. लग्न तं हजारो लोकायचंच होते."

सावनेर येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून धूळ खात राहिले. सावनेरला त्यांनी शेंगदाण्याची पुडी घेतली आणि अर्धी माझ्या हातात दिली. मी ती तशीच धरून बसले.

घरी धाकटीनं ऐकलं आणि ती म्हणाली, "माझं नाव जसं आहे तसंच राहू दे, ताई. मले आवडते. त्यायचं भर पाहिजे तं."

"एक नाव पोकळ आन एक भरलेलं? लग्न आहे का तराजू?"

"मंग दोघांचं पोकळ ठेव."

"आत्याबाई नाही म्हणतात!"

"मंग मले कायले विचारते?"

मी तिला विचारलंच नव्हतं. आईनं स्वयंपाकघरातून सुचवलं की आत बारीक बारीक फुलं काढावीत. शेजारच्या काकूंनी सुचवलं की एका बाजूला मोर घालावा, म्हणजे नावाकडे लक्ष जाणार नाही. त्या आठवड्यात आमच्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला पोकळ टाइपाबद्दल मत होतं. ज्याला मत नव्हतं, त्याला बाबा बोलावून नमुना दाखवत आणि मत बनवायला लावत.

छापखान्यात मालकांना तर आनंदाचं भरतं आलं. "ताई, इतकं सोपं आहे! आत दुसरा रंग भरू. निळी कड, आत लाल. एकदम बेस्ट." मी त्यांना सांगितलं की आपलं पायानं चालवायचं यंत्र जुनं आहे, दोन वेळा कागद टाकला की दुसरा रंग नेमका त्याच जागी बसणार नाही. ते म्हणाले, "बघू तर." बघितलं. लाल रंग अक्षरांच्या पोटात न बसता थोडा वर आणि थोडा उजवीकडे उतरला. दोन्ही नावं अशी दिसत होती की जणू कुणी हलत्या टांग्यात बसून ओठाला लाली लावली आहे. धाकटीच्या नावातल्या त्या गोंडस जोडाक्षराचा तर लाल गोळा झाला होता. मालक नमुना हातात धरून म्हणाले, "लांबून बरं दिसतं."

"पत्रिका लांबून वाचतात का हो?" मी ओरडलेच. यंत्रावरचा माणूस तोंड फिरवून हसला.

मी तो नमुना घरी आणला नाही. पण बाबा मला घ्यायला छापखान्यात आले होते, मालकांनी तो त्यांना दिला आणि बाबांनी तो घरी आणला. धाकटीनं बघितला. दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी होती. सकाळी केस विंचरून, पर्स घेऊन ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी खाप्याले जाऊन येते."

आई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली. "लग्नाच्या आधी नवरी एकटी सासरी जाते काय वं?"

"मी आत्याबाईले भेटाले जाऊन राहिली. सासरी नाही."

"ते एकच घर हाय!"

"मंग त्याले मी काय करू?" आणि ती गेली. बाबा ओट्यावर दाढी करत होते. त्यांनी आरशातून तिला जाताना बघितलं आणि साबण पुन्हा घोटायला घेतला.

दिवस मावळायच्या आत ती परत आली. मी मागच्या अंगणात नळावर भांडी घासत होते. ती शेजारी बसली, पदर खोचला आणि एक पातेलं ओढून घेतलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाली, "ताई, त्यायले ते वाचताच येत नाही."

"कोणाले? काय?"

"आत्याबाईले. ते पोकळ अक्षर. वाचताच येत नाही."

मग तिनं सांगितलं. आत्याबाईंनी आधी मास्तरांना बाजारातून काहीतरी आणायला पाठवून दिलं, दार लोटलं आणि मगच तोंड उघडलं. आत्याबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्या अलीकडेच, आणि शिकवलं होतं मास्तरांनीच. पाटीवर खडूनं जाड अक्षर काढायचे आणि आत्याबाई त्यावर बोट फिरवायच्या. आता त्या सावकाश का होईना, पण पेपरातलं मोठं मोठं वाचत होत्या. मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, माझी आत्या वाचते. आम्ही नमुना घेऊन गेलो, तेव्हा ते त्यांच्या मागे उभे होते ते याचसाठी. आत्या आपलं नाव वाचेल आणि ते आपण ऐकू, म्हणून. आणि आत्याबाईंना त्या कागदावर नाव दिसेचना.

"म्हणाल्या, पोरी, त्यात दोन-दोन रेघा हायेत. वाचाची कोनती?" धाकटी म्हणाली. "बाहेरची वाचली तं वेगळंच काही दिसते, आतली वाचली तं अजून वेगळं. उजेडात नेलं तरी नाही आलं. मंग म्हणाल्या, आतून रिकामं काहून."

मी हातातली राख तशीच धरून बसले. "आन मंग ते अर्ध्या नावाचं, आज्याचं, मालगुजाराचं?"

"तेबी खरंच आहे. ते काही बनवून नाही सांगितलं त्यायनं."

"मंग हे सरळ सांगायचं न! वाचता येत नाही म्हणायचं! मी त्याच दिवशी साधा टाइप लावला असता. इतका तमाशा कायले?"

"मास्तरसमोर कसं सांगतील वं? त्यायले वाटलं असतं आपलं शिकवणं वाया गेलं. आन ताई, हे तुले कोनाले सांगायचं नाही. बाबालेबी नाही. मी शब्द देऊन आली आत्याबाईले."

मी कपाळाला हात लावला. हात राखेचा होता.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेले आणि मालकांना सांगितलं की नावं भरीव टाइपात करायची. मालक खुर्चीत मागे रेलले. "शेवटी ऐकलंत ना, ताई? मी पहिल्यापासून सांगत होतो." घरी बाबा म्हणाले, "मी एसटीतच सांगितलं होतं." शेजारच्या काकू म्हणाल्या, "पण मोर घातला असता तर अजून खुललं असतं." मी यांपैकी एकालाही काही सांगू शकत नव्हते. सगळ्या मोहल्ल्याला वाटलं की मी हट्टी होते आणि आत्याबाईंनी मला वठणीवर आणलं. मी रात्रंदिवस दात आवळून फिरत होते.

पोकळ टाइप मी सोडला मात्र नाही. वरचे दोन शब्द, 'मंगल परिणय', ते त्यात घेतले, मोठे आणि एकटे. त्याखाली बरीच जागा सोडली. मालक त्या जागेकडे दुःखानं बघत होते. आणि त्या जागेखाली दोन नावं, जाड, ठसठशीत, निळ्या शाईनं काठोकाठ भरलेली. नमुना निघाला तेव्हा मी आधी बघितलंच नाही. रागच आला होता. मग बघितला. वरचे पोकळ शब्द खालच्या भरीव नावांमुळं आणखी हलके, हवेत ठेवल्यासारखे झाले होते, आणि खालची नावं वरच्या पोकळ शब्दांमुळं आणखी पक्की वाटत होती. पोकळ अक्षराला शेजारी एक भरीव अक्षर हवं असतं, हे मला कलाशाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मी ते मुद्दाम केलंही नव्हतं. आधीचा नमुना याहून सुंदर होता, असं मी अजूनही म्हणते. पण हाही चांगला होता, हे म्हणताना मला आजही जिवावर येतं.

खाप्यात पत्रिका वाटायला आत्याबाई स्वतः घरोघर गेल्या. मास्तरांनी लग्नाच्या दिवशी मला हे सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. "प्रत्येक घरी पत्रिका उघडून स्वतः नाव वाचून दाखवलं त्यांनी. माझं आणि तुमच्या बहिणीचं. मी म्हटलं, आत्याबाई, लोकांना वाचता येतं. तर म्हणाल्या, येत असन, मी वाचतो, तुमी ऐका." मग त्यांनी उगीचच हाराची गाठ तपासली.

विहारात लग्न साधंच झालं. वंदना झाली, हार घातले, जेवणं झाली. बायकांच्या पंगतीत मी आत्याबाईंच्या शेजारी बसले होते. त्यांच्या गावची एक बाई पत्रिका घेऊन आली होती. ती वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आत्याबाई, आन हे वर काय लिवलं हाय?"

आत्याबाईंनी वरणाचा वाडगा सरकवून घेतला. "ते काय, साऱ्याच पत्रिकेवर सारखंच राहते. ते कोनी वाचत नाही. वाचाचं ते नाव."

मी पानातल्या भाताकडे बघत राहिले. इतक्या लोकांत मोठ्यानं हसायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर हसावं की ताट उचलून निघून जावं हे मला ठरवता येत नव्हतं. पोकळ अक्षर नुसतं बघायचं असतं, वाचायचं ते साध्या अक्षरात, हे समजावून सांगायला मी मालकांसमोर वर्षभर घसा कोरडा केला होता, ते या बाईनं वरण वाढून घेताना बोलून टाकलं, आणि तेही स्वतःचं गुपित झाकण्यासाठी.

त्यानंतर व्हायचं तेच झालं. आमची पत्रिका घेऊन लोक छापखान्यात यायला लागले. "अशीच पाहिजे." मग कुणाला वर पोकळ आणि खाली पोकळ हवं, कुणाला मधल्या मोकळ्या जागेत मामा-मावशा-काका हवे, कुणाला चौकटसुद्धा पोकळ हवी. मालकांनी सगळ्यांना हो म्हटलं. यंत्राचा दाब जरा जास्त पडला की त्या बारीक कडा चेपायच्या. हळूहळू 'म'चं पोट फुटलं, मग 'र'ची शेपटी गेली. दोन-तीन वर्षांत निम्मा टाइप वितळवायला गेला. पुढं ऑफसेट आलं, अक्षरांचे फोटो निघायला लागले, आणि पोकळ अक्षर काय, वाटेल ते अक्षर वाटेल त्या आकाराचं मिळायला लागलं. वाट लावायची सोय आणखी वाढली.

मास्तरांची बदली नागपूरला झाली तेव्हा आत्याबाई धाकटीकडे राहायला आल्या. तोवर त्या पेपर अगदी सरसर वाचायच्या, पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट मात्र पक्की बसली होती. शहरातली सगळी छापलेली अक्षरं मीच करते. मी रविवारी धाकटीकडे गेले की त्या चष्मा सरळ करून पेपर पुढं करायच्या. एखाद्या साबणाच्या जाहिरातीत अक्षरं तिरपी केलेली असायची, एखाद्या सिनेमाच्या जाहिरातीत अक्षरांतून रक्त गळत असायचं, एखाद्या दुकानाचं नाव पोकळ करून आत चांदण्या भरलेल्या असायच्या.

"हे तूच केलं काय वं?"

"नाही, आत्याबाई. मी नाही केलं."

"मंग कोनं केलं?"

"मले काय माहीत? मुंबईले कोणी केलं असन."

आत्याबाई पेपर पुन्हा जवळ घ्यायच्या, त्या चांदण्यांकडे बघायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. "तुमच्यातलाच असन कोनीतरी," त्या म्हणायच्या, आणि पान उलटायच्या.